कारण न सांगता मित्रानं बोलणं तोडलं, तेव्हा

‘भांडण नाही, तंटा नाही, एकदम ब्लॉकच केलं. माझं काय चुकलं?’ परभणीत माझ्याकडे येणारी तरुण मुलं हे वारंवार विचारतात. त्यातल्याच एकाची ही गोष्ट, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून.

हा कृषी पदवीधर, जिंतूरकडच्या गावात कृषी सेवा केंद्र चालवणारा. होस्टेलपासूनचा जिवलग मित्र स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला गेला आणि पोळ्यानंतर गप्पच झाला. डीपी दिसेना, मेसेजवर एकच टिक. खताची पावती फाडता फाडता याचा अंगठा त्याच चॅटवर जायचा. “सर, झोपच लागंना. त्याचा विचार करायचा नाही असं लई ठरवतो, तरी येतोच.”

येणारच. डॅनिअल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८७ मध्ये प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, तर तेच अस्वल पुन्हा पुन्हा मनात येत राहिलं. म्हणून मी त्याला विचार दाबायला नव्हे, लिहायला सांगितलं. पावतीपुस्तकामागच्या कोऱ्या पानावर त्यानं मधोमध रेघ मारली. डावीकडे घडलं तेवढंच: फोन उचलत नाही, डीपी दिसत नाही, एक टिक. उजवीकडे मनानं जोडलेलं: ‘मी खेड्यात राहिलो, त्याला लाज वाटते’, ‘उसने पैसे मागितले म्हणून चिडला’, ‘माझ्याजवळ कुणी टिकतच नाही’. उजवी बाजू भरून पानाखाली उतरली. डावी तिथंच थांबली. तो बराच वेळ त्या पानाकडं बघत बसला.

उजवीकडच्या एकेका ओळीला आम्ही पुरावा विचारला. बहुतेक ओळींपुढं त्यानं स्वतःच लिहिलं, ‘माहीत नाही.’ घरचे म्हणत होते, येईल रे परत, चांगला विचार कर. मला तो सल्ला पटत नाही, कारण तोही अंदाजच. कारण कळल्याशिवाय चैन पडणार नाही, हा हट्ट सुटणं जास्त गरजेचं होतं, आणि त्याला वेळ लागला.

मित्र घरच्यांशी बोलतो, सुखरूप आहे, एवढी खात्री त्यानं करून घेतली. असं कुणी सगळ्यांशीच संपर्क तोडला असेल तर मात्र आधी त्याची चौकशी करावी. मग एकच साधा एसएमएस: ‘काही दुखावलं असेल तर सांग. बोलावंसं वाटलं तर मी आहे.’ दुसऱ्या नंबरवरून फोन नाही, कुणाकरवी निरोप नाही. विचारांसाठी दुकान बंद केल्यानंतरचा अर्धा तास ठरवला. दिवसा आले की ‘संध्याकाळी’ म्हणून पुढं ढकलायचे.

मित्राचं उत्तर आजवर आलेलं नाही. याची झोप मात्र सुधारली, आणि गावातल्या जुन्या पोरांबरोबर तो पुन्हा व्हॉलीबॉलला जाऊ लागला आहे.

दोन आठवड्यांहून जास्त झोप-जेवण बिघडलं, कामात मन लागेना किंवा जगणं नको वाटू लागलं, तर एकट्यानं सोसू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतूनही बोलता येतं.