बूर्टांगचा इतिहास वाचायला घेतोस? मग आधी दलदल समजून घे

आपल्याला किल्ला म्हटलं की डोंगर, कडा आणि दमछाक आठवते. बूर्टांगला यातलं काहीच नाही. नेदरलँड्सच्या ईशान्येला, जर्मन सीमेलगत, सपाट जमिनीवर पाच बुरुजांची ही चांदणी आहे. म्हणून थेट तटबंदीकडे वळू नकोस, आजूबाजूची जमीन आधी बघ. इथे मैलोन् मैल दलदल होती आणि तिच्यातून जर्मनीकडे जाणारी एक कोरडी वाट. तेव्हा डच लोक स्पेनच्या राजवटीविरुद्ध लढत होते. १५८० मध्ये जवळचं ग्रोनिंगन शहर स्पॅनिश बाजूला गेलं, तेव्हा ही वाट रोखण्यासाठी डच बंडाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंजने इथे किल्ला बांधायचा हुकूम दिला. काम पूर्ण झालं ते १५९३ मध्ये, त्याचा पुतण्या विलेम लोडेवाइकच्या हाताखाली. तोवर विल्यमचा खून होऊन नऊ वर्षं उलटली होती.

तट मातीचे दिसले म्हणून नाक मुरडू नकोस. तोफेच्या गोळ्याने दगड फुटतो, माती मात्र गोळा गिळते. शिवाय बुरूज असे टोकदार की शेजारच्या बुरुजावरून मारा होणार नाही असा कोपराच उरत नाही. १६७२ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या बिशपने (त्याच्याकडे स्वतःचं राज्य आणि सैन्य होतं) चालून येऊन पाहिलं, किल्ला पडला नाही.

नवखे हमखास फसतात ते पुढच्या भागात. १८५१ मध्ये लष्कराने किल्ला सोडला. मग तट सपाट झाले, खंदक बुजले, शेतीचं गाव उरलं. आज दिसतं ते १९६७ पासून पुन्हा उभारलेलं, १७४२ च्या स्वरूपात. त्यामुळे फोटो दाखवून ‘हे बघा सोळावं शतक’ म्हणू नकोस!