डुप्लिकेट चावी आणि दोन वर्षांची मुदत

प्रश्न (गुहागर तालुका): बोटीवर नोकरीला असताना घेतलेले ओमेगा सीमास्टर घड्याळ मुंबईतल्या एका दुकानात सर्व्हिसिंगला दिले. १४ जून २०२३ च्या बिलावर ‘सर्व्हिस, चावी, काच, रबर – ३८,५००’ एवढेच लिहिले आहे (चावी म्हणजे वेळ लावायची बाजूची फिरकी). भाग ओरिजिनल आहेत असे दुकानदार तोंडी म्हणाला. १९ मे २०२४ ला समुद्रात पोहून आल्यावर काचेखाली वाफ धरली. दुकानदाराने सुकवून दिले, पण पुन्हा तेच. ३ फेब्रुवारी २०२५ ला कंपनीच्या अधिकृत केंद्राने लेखी कळवले की चावी, तिची नळी आणि काच कंपनीची नाही. ते भाग बदलल्याशिवाय काम घेणार नाही, अंदाजे खर्च १,१०,०००. दुकानदारावर केस करता येईल का? आणि आता भाग कंपनीचेच घालावेत की बाजारातले?

उत्तर: केस करता येईल. पण ती कशाबद्दल करायची हे तुम्ही चुकीचे धरले आहे, आणि त्या चुकीपायी मुदतीबाहेर फेकले जाल.

या विषयावरची पत्रे मालवणपासून श्रीवर्धनपर्यंत सगळीकडून येतात आणि जवळजवळ प्रत्येकात ‘डुप्लिकेट पार्ट घातला, म्हणजे गुन्हाच’ हे वाक्य असते. तसे नाही. कंपनीबाहेरचा सुटा भाग बनवायला किंवा बसवायला सरसकट बंदी नाही. ट्रेड मार्क कायदा १९९९ चे कलम ३० तर ‘अमुक घड्याळाला बसेल’ एवढे सांगण्यापुरते दुसऱ्याचे नाव वापरायलाही मुभा देते. भागावर कंपनीचे चिन्ह खोटे उमटवले असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तुमच्या चावीच्या तोंडावर ओमेगाचे चिन्ह आहे की ती कोरी आहे, हे पत्रात नाही. भिंगाखाली धरून फोटो काढा. चिन्ह असेल तर दुकानदाराला ‘मी लोकलच पार्ट घातला होता, सांगूनच घातला होता’ हा बचाव फार जड जाईल.

आता मुद्द्याचे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(११) मध्ये सेवेतील त्रुटीची व्याख्या आहे. ग्राहकाला द्यायला हवी ती माहिती जाणूनबुजून दडवणे हीसुद्धा त्या व्याख्येप्रमाणे त्रुटीच. तुमची केस इथे उभी राहते, वाफेवर नाही. वाफ हा परिणाम. तिच्याबद्दल समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल की चावी न आवळता पाण्यात गेलात, अकरा महिन्यांत रबर कडक झाले, खारे पाणी धुतले नाही. यातले एखादे खरेही असू शकते. पण भाग कंपनीचा नाही हे सांगितले का, या प्रश्नाला त्याच्याकडे ‘तोंडी सांगितले होते’ याखेरीज उत्तर नाही.

आणि हा फरक केवळ मांडणीचा नाही, तारखेचा आहे. कलम ६९ प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. तुमच्या प्रकरणात घड्याळाचे काटे तीन ठिकाणांहून मोजता येतात. बिलाची तारीख धरली तर १४ जून २०२५ लाच मुदत संपली. वाफ धरली ती तारीख धरली तर १९ मे २०२६ ला संपते. अधिकृत केंद्राच्या पत्राची तारीख धरली तर ३ फेब्रुवारी २०२७. लबाडी उघड झाली तेव्हापासून मुदत मोजावी हे तत्त्व मुदतीच्या कायद्यात कलम १७ मध्ये आहे, त्यामुळे तिसरी तारीख मला सगळ्यात बळकट वाटते. ग्राहक आयोगाला ती तशीच वाटेल याची हमी मात्र कोणी देऊ नये. विशेषतः तुम्हीच २ जून २०२४ ला दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पार्ट डुप्लिकेट घातलात का, खरे सांगा’ असे विचारून ठेवले आहे. म्हणजे संशय तेव्हाच आला होता. तो निरोप तुमच्याविरुद्ध वाचला जाणार.

म्हणून १९ मे २०२६ हीच तुमची शेवटची तारीख समजा. हे लिहिताना मार्च चालू आहे. पावसाळ्याआधी तक्रार दाखल झालेली हवी. सोबत कलम ६९(२) खाली विलंब माफीचा अर्ज आत्ताच जोडा, ‘बिलाची तारीख धरली गेली तर’ अशा पर्यायी स्वरूपात, आणि उशिराची कारणे त्यात तारखेनिशी लिहा. अर्जाविना मुदतीबाहेरची तक्रार दाखल करून घेता येत नाही. मुदत पाहणे हे आयोगाचे कर्तव्यच आहे, समोरच्याने हरकत घेतली नाही तरी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्टेट बँकेच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे.

एवढी घाई का, तर फेब्रुवारी २०२५ नंतरचे वर्ष तुम्ही ‘बघतो’, ‘पुढच्या आठवड्यात या’, ‘कारागीर गावाला गेलाय’ असले निरोप वाचण्यात घालवलेत. निरोप, फोन, वकिलाची नोटीस, कशानेही मुदत थांबत नाही. ही चूक इतक्या पत्रांत दिसते की राग यावा.

तक्रार रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात करा. २०१९ च्या कायद्यात कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथे दाद मागता येते. बिलाच्या तळाशी ‘वाद मुंबई न्यायकक्षेत’ असा शिक्का असला तरी त्याने घाबरू नका. दुकानदाराला दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रार ऑनलाइन भरता येते, वकील लावलाच पाहिजे असेही नाही. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही नाही, हे २०२० मध्ये घटनापीठाने ठरवून टाकले आहे. कायदा निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने म्हणतो. कॅलेंडरवर खुणा मात्र त्या हिशेबाने करू नका.

पुराव्याची बाजू तुम्ही स्वतःच पातळ केली आहे. काढलेले जुने भाग मागितले नाहीत, जॉब कार्ड नाही, १८,५०० रोख दिले. असो. बिल आहे आणि २०,००० यूपीआयने गेले आहेत, तेवढे धरून चालू. व्हॉट्सअ‍ॅपचे संभाषण पूर्ण एक्स्पोर्ट करा, निवडक स्क्रीनशॉट नकोत. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे) प्रमाणपत्र जोडा. आयोग पुराव्याच्या नियमांना काटेकोर बांधलेला नसतो, तरी पुढे अपिलात कटकट नको.

केंद्राचे पत्र मात्र अपुरे आहे. ‘भाग कंपनीचे नाहीत’ एवढ्याने माहिती दडवल्याचा भाग सिद्ध होईल. मशीन गंजले त्याची भरपाई हवी असेल तर पाणी शिरले कुठून हे लेखी हवे. सीमास्टरच्या तीनशे मीटरच्या मॉडेलला पाण्याच्या वाटा चार: चावी व तिची नळी, काचेभोवतीची रिंग, मागचे झाकण आणि दहाच्या आकड्याजवळचा हेलियम व्हॉल्व्ह. त्या व्हॉल्व्हचे रबर बाहेरचे कारागीर बहुधा बदलतच नाहीत. पाणी तिथून आले असेल तर डुप्लिकेट चावीला दोष देऊन उपयोग नाही. केंद्राला दाबाची चाचणी करून गळतीची जागा, वापरलेला दाब आणि फोटो यांसह अहवाल मागा. तीन बारवर (बार हे दाबाचे माप; तीनशे मीटर म्हणजे तीस बार) पास झालेले घड्याळ तीस बारच्या दाव्याबद्दल काहीच सांगत नाही, म्हणून आकडा लिहून घ्या.

आणि त्या १,१०,००० च्या अंदाजपत्रकावर आत्ता सही करू नका. काही कंपन्या दुरुस्तीत काढलेले भाग परत देत नाहीत. तसे झाले तर तुमचा सगळा पुरावा त्यांच्या भंगारात जाईल. आधी लेखी कळवा: चावी, नळी आणि काच सीलबंद पाकिटात परत हवी. नकार आला तर तक्रारीसोबतच आयोगाकडे तज्ज्ञ तपासणीचा अर्ज करा. दरम्यान मशीन गंजत राहू देणेही तुमच्या अंगाशी येईल, कारण नुकसान वाढू न देणे ही तुमचीही जबाबदारी आहे. तेव्हा तूर्त फक्त उघडून, सुकवून, मशीन साफ करून ठेवण्याचे काम द्या आणि त्याचे वेगळे बिल घ्या. घड्याळ तांदळाच्या डब्यात ठेवल्याचे लिहिले आहे, ते आज बाहेर काढा. झाकण बंद असताना आतली वाफ तांदळाला मिळत नाही आणि भुकटी चावीच्या आट्यांत बसते.

अंदाजपत्रकाची फोड मागा: तीन भाग किती, गंजामुळे बदलायचे भाग किती, नेहमीची सर्व्हिस किती. पूर्ण १,१०,००० मिळतील असे धरू नका. सर्व्हिस तुम्हाला कधीतरी करावीच लागली असती. ३८,५०० परत, पहिल्या दोन रकमा, त्रासाची भरपाई आणि खर्च, एवढी मागणी टिकेल.

भाग कोणते घालावेत? हा कायद्याचा प्रश्न कमी, पण उत्तर देतो. घड्याळ किनाऱ्यावर वापरणार असाल तर चावी, नळी आणि व्हॉल्व्ह कंपनीचेच. चावीच्या आतली रिंग आणि नळीचा बाहेरचा व्यास यांत मिलिमीटरच्या काही शतांशांचा फरक पडला तरी आवळताना ‘बसली’ असे वाटते आणि पाणी आत जाते. आटे जुळले नाहीत तर नळीचेच आटे मरतात. पाठोपाठ मिठाचे खडे आट्यांत सुकून रबर कापतात. काच बाहेरची चालू शकते, जाडी आणि व्यास मोजून बसवली आणि रिंग नवी घातली तर. डायल आणि काट्यांना मात्र बाहेरचा हात लावू देऊ नका, विकायच्या वेळी किंमत तिथेच कोसळते. आणि एक बाहेरचा भाग दिसला तरी अधिकृत केंद्र पुढच्या वेळी पुन्हा हेच पत्र देईल. तसे म्हणायचा त्यांना साधारणपणे अधिकार आहे.

कोणत्याही खासगी कारागिराने ‘ओरिजिनल’ म्हटले तर भागाचा नंबर असलेले बंद पाकीट आणि त्याच्या खरेदीचे बिल मागा. मोठ्या स्विस कंपन्या सुटे भाग सहसा आपल्या मान्यताप्राप्त कारागिरांनाच देतात, म्हणून हा प्रश्न उद्धट नाही. बिलावर प्रत्येक भागापुढे ‘कंपनीचा’ किंवा ‘बाहेरचा’ असे लिहून घ्या. १४ जून २०२३ ला हा एक शब्द लिहून घेतला असता तर हे पत्र लिहावे लागले नसते.

शेवटचे एक. घड्याळ परदेशात घेतले असे दिसते. आणताना जकात भरली होती का, हे तुम्ही लिहिलेले नाही. दुरुस्तीच्या तक्रारीला खरेदीची पावती बहुधा लागत नाही. ती कागदांत जोडण्याआधी माझ्याशी किंवा तुमच्या वकिलांशी बोला.