मियाटाला लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग) पहिल्यांदाच लावताय?

पहिल्या-दुसऱ्या पिढीची माझदा मियाटा हे काम शिकायला उत्तम. चारही चाकांना डबल विशबोन (चाक वर आणि खाली अशा दोन आर्मनी धरणारं सस्पेन्शन) आहे आणि अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन लावायचे, कॅम बोल्ट (फिरवले की आर्म सरकवणारे बोल्ट) मुळातच दिलेले आहेत. घरी नक्की जमेल.

आधी २५-३० मिमीच खाली घ्या. या गाडीत सस्पेन्शनला हालायला जागा थोडी. फार खाली नेली की ती बंप स्टॉपवर (हालचाल थांबवणाऱ्या ठोकळ्यावर) बसते आणि खड्ड्यात उसळते.

- गाडी स्टँडवरच ठेवा, नुसत्या जॅकवर नको. स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबल्याशिवाय शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा वरचा नट सोडूच नका. स्प्रिंग जीवघेण्या जोराने सुटते.
- सगळ्यात मोठी चूक म्हणजे चाकं लोंबकळत असताना आर्मचे बोल्ट आवळणं. आर्मच्या सांध्यातल्या बुशचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. तसं आवळलं तर गाडी खाली आल्यावर ते कायम पिळलेलं राहतं, लवकर फाटतं आणि गाडीही उंच बसते. बोल्ट सैल ठेवा, वजन चाकांवर येऊ द्या, मगच टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना).
- कॅम बोल्टना दोन-तीन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल मारा. जुन्या गाडीत अलाइनमेंट बहुतेक तिथेच अडतं.

१५०-२०० किमी चालवून मग अलाइनमेंट करा. आधी मागची चाकं, कारण पुढची त्यांच्या दिशेवरून लावतात. रस्त्यासाठी कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल; उणे म्हणजे वरची कड आत) पुढे उणे १ अंश, मागे उणे १.५, टो (वरून पाहता चाकांची पुढची टोकं आत की बाहेर) पुढे शून्य, मागे किंचित आत. टायर कॅम्बरपेक्षा चुकीच्या टोने जास्त झिजतात, तेव्हा रिपोर्टचा कागद मागून घ्या.

कॉर्नर वेटिंगचा (चारही चाकांवरचं वजन मोजून जुळवण्याचा) विचार सध्या नको.