काम खरं असलं की मुलं टिकतात

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सोसायटीतल्या सात-आठ आया मिळून मुलांना घेऊन समाजाचं काहीतरी काम सुरू करायचं म्हणताय, याचा मला मनापासून आनंद झाला. तू यादीही पाठवली आहेस: झाडं लावणं, अनाथाश्रमाला भेट, जुने कपडे वाटणं, नदीकाठची सफाई आणि गणपतीत निर्माल्य गोळा करणं. यातलं कोणतं निवडावं, असं विचारलंस. मी निर्माल्य निवडेन. का, ते जरा सविस्तर लिहिते.

कुठलंही काम हाती घेण्याआधी एक प्रश्न विचारत जा: आपण आलो नाही तर कोणाचं काही अडेल का? पावसाळ्यातल्या वृक्षारोपणाला बहुतेकदा खड्डे आधीच खणलेले असतात, रोपं आणून ठेवलेली असतात. मुलं रोप हातात धरतात, फोटो होतो, आणि मार्चच्या उन्हात त्या रोपाला पाणी घालायला कोणी नसतं. अनाथाश्रमाचं तर मला नेहमी वाईट वाटतं. तिथली मुलं कोणाकोणाच्या वाढदिवसाचा केक खातात आणि अनोळखी माणसांच्या फोटोत उभी राहतात. तुझ्या मुलीच्याच वयाची मुलगी समोर रांगेत उभी आहे, आणि आपली मुलगी तिला बिस्किटाचा पुडा देते आहे. यातून तुझी लेक काय शिकेल? देणारे आपण आणि घेणारे ते, एवढंच. मला ते नको वाटतं.

मुलांना हे सगळं आपल्याआधी कळतं. ज्या कामाची कोणाला गरज नाही, तिथे ती पंधरा मिनिटांत कंटाळतात आणि आपण म्हणतो, हल्लीच्या मुलांना चिकाटी नाही. तीच मुलं, जिथे त्यांच्यावाचून खरंच खोळंबा होतो, तिथे तहान विसरून उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

निर्माल्याचं काम तसं आहे. पुण्यात विसर्जनाच्या दिवशी महापालिका नदीकाठी आणि चौकाचौकांत हौद ठेवते, निर्माल्यासाठी कलश ठेवते. लोक येतात ते एकच मोठी पिशवी घेऊन. त्या पिशवीत दुर्वा, जास्वंद, शमी, केवड्याचं पान, झेंडूचे हार असतात. पण त्याबरोबरच कापसाची वस्त्रं, उदबत्तीचे पुडे, कापराची डबी, कापडी फुलांची तार, नैवेद्याचा द्रोण, अर्धं सफरचंद, नारळ, मखराचा तुकडा असंही सगळं कोंबलेलं असतं. राज्यात 2018 पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, तरी माळ्यावर जपून ठेवलेली जुनी मखरं अजून निघतात. हे असंच सगळं एकत्र गेलं तर त्याचं खत होत नाही. हार ओवलेला नायलॉनचा दोराच घे. तो खतासाठी कचरा बारीक करणाऱ्या यंत्राच्या पात्यांना गुंडाळला की यंत्र थांबतं, आणि मातीत गेला तर वर्षानुवर्षं कुजत नाही. म्हणजे हार कापून दोरा वेगळा काढणं हे कोणीतरी हातानंच करायला हवं. ते बारीक काम आहे, बसून करायचं आहे, आणि लहान बोटांना ते फार छान जमतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे काम तुम्ही नव्यानं सुरू करणार नाही आहात. ते आधीपासून चालू आहे आणि ते करणाऱ्या बायका तुझ्या दारात रोज सकाळी येतात. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई अनेक वर्षं विसर्जनाच्या दिवशी घाटांवर थांबून निर्माल्य घेतात, वेगळं करतात. त्यामुळे सोसायटीतल्या आयांची बैठक घेण्याआधी तुमच्या इमारतीचा कचरा उचलणाऱ्या ताईंशी बोल. त्यांना विचार: कोणत्या घाटावर माणसं कमी पडतात? कोणत्या वेळेला? आम्ही आलो तर तुमची अडचण तर नाही ना होणार? त्या जे सांगतील त्याप्रमाणे आखणी कर. त्या दिवशी तिथे त्या जाणत्या, आणि आपण त्यांच्या हाताखाली. मुलांनाही आधीच सांग की ताई सांगतील तसं करायचं.

मुलांना घेऊन जाण्याआधी या बायकांची गोष्ट त्यांना नीट सांग. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायका पूर्वी कुंडीत हात घालून काच, पत्रा, कागद शोधायच्या, कुत्र्यांशी भांडत, लोकांच्या शिव्या खात. 1993 मध्ये त्यांची संघटना उभी राहिली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. हमालांचे नेते डॉ. बाबा आढाव त्यांच्या पाठीशी होते, आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातल्या कार्यकर्त्या वस्त्यांमधून फिरत होत्या. संघटनेनं ओळखपत्र मिळवून दिलं, भंगाराच्या दुकानातल्या मापाबद्दल भांडण केलं, आणि आणखी एक गोष्ट लावून धरली: आपल्या मुलांनी कुंडीवर यायचं नाही, शाळेत जायचं. पुढे 2008 मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली.

या गोष्टीतला मुलांचा भाग वगळू नकोस. त्या आया आपल्या लेकरांना बरोबर न्यायच्या, कारण घरी सांभाळायला कोणी नव्हतं आणि दोन जास्तीचे हात म्हणजे रात्रीची भाकरी होती. त्यांनी झगडून आपल्या मुलांना त्या कामातून बाहेर काढलं. आणि आपण आज आपल्या मुलांना हौसेनं, दोन तासांसाठी तिथे नेतो आहोत. हा फरक दहा वर्षांच्या मुलाला सांगितला तर कळतो. कळल्यावर तो ताईंशी वेगळ्या नजरेनं बोलतो. ‘आम्ही तुम्हाला मदत करायला आलो’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. मला या सगळ्या खटाटोपातून मुलांना काय मिळावंसं वाटतं असं विचारशील, तर हेच.

गाडगेबाबा गावात पोचले की आधी खराटा हातात घेत. गाव झाडून झालं की मग रात्री कीर्तन. तोच क्रम ठेव. घाटावर मुलांना पर्यावरणावर भाषण देऊ नकोस. आधी हात चालू देत. प्रश्न त्यांचे ती विचारतील, आणि ते बहुधा घरी परतताना रिक्षात विचारतील.

दिवस निवडताना मात्र माझं ऐकच. अनंत चतुर्दशीला मुलांना घाटावर अजिबात नेऊ नकोस. रस्ते बंद, ढोलांचा आवाज, गर्दीचा लोट, आणि परतायला वाहन नाही. दीड दिवसाच्या गणपतीला किंवा गौरींबरोबरच्या विसर्जनाला जा. तेव्हा घरगुती गणपतीच जास्त येतात, कुटुंबं निवांत असतात. दुपारी चार ते सहा पुरे. अंधार पडायच्या आत मुलं घरी. ओंकारेश्वर किंवा एस. एम. जोशी पुलाजवळच्या गर्दीत पहिल्या वर्षी शिरू नका. तुमच्याजवळचा लहान हौद बघा. नदीच्या पायऱ्यांवर एकही मूल उतरणार नाही, हा नियम सगळ्यांना सांग आणि मोडणाऱ्याला, मग तो कोणाचाही असो, लगेच घरी पाठव. त्या दिवसांत खडकवासला धरणातून पाणी सोडलेलं असलं तर मुठेचं पाणी बघता बघता चढतं.

चार मुलांमागे एक मोठं माणूस हवंच. प्रत्येक मुलाच्या मनगटावर आईचा फोन नंबर पेननं लिहा. हातमोजे लहान मापाचे घ्या. मोठ्यांचे मोजे मुलांच्या हातात ढिले होतात आणि मग मुलं ते काढून टाकतात, नेमकी तेव्हाच तार टोचते. धनुर्वाताची लस झाली आहे ना, ते प्रत्येक आईनं बघून घ्यावं. बोथट टोकाच्या कात्र्या न्या. आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते आदल्या दिवशी जाऊन पाहून ये. मुली आणि आया तासाभरात निघून जातात, त्याचं कारण बरेचदा हेच असतं आणि कोणी बोलून दाखवत नाही.

कामाची वाटणी वयाप्रमाणे कर. सहा-सात वर्षांची मुलं हारांच्या ढिगापाशी बसून फुलं सुटी करतील. नऊ-दहा वर्षांची हौदाशी थोडं पुढे उभी राहून लोकांकडून पिशव्या घेतील. मोठी मुलं पोती ओढतील, तार आणि काच असलेला ढीग फक्त तीच हाताळतील. पिशवी घेताना दोन्ही हातांनी घ्यायची, ढिगाला पाय लावायचा नाही, हे शिकव. पूजलेल्या देवावरची फुलं आहेत ती. माणूस ती अनोळखी मुलाच्या हाती देतो तेव्हा त्याच्या मनात धाकधूक असते. ‘काका, याचं खत होऊन बागेत जाणार आहे’ असं एखाद्या मुलीनं सांगितलं की तो आपणहून पिशवी उघडून प्लास्टिक वेगळं काढून देतो. मोठ्यांनी सांगितलं तर तोच वाद घालतो. कोणी नदीतच सोडायचं म्हणाला तर मुलांना त्याच्याशी वाद घालू देऊ नकोस. नमस्कार करून बाजूला व्हायचं.

फोटोंबद्दल तुमच्यात आधीच ठरू दे. ताईंचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. मुलांचे चेहरे चारशे माणसांच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. प्रमाणपत्रंही नकोत. कोणी शाळेसाठी मागेल, तर नम्रपणे नाही म्हण. प्रमाणपत्रासाठी आलेलं मूल सहीसाठी थांबतं आणि सही मिळाली की जातं.

आता तुझ्याबद्दल. पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की नोकरी, घर, सासूबाईंची पथ्यं, आणि त्यात हे. हे काम तुझ्या डोक्यावरचं आणखी एक ओझं होणार असेल, तर सुरू करू नकोस. आपल्याकडे बायकांनी काही ठरवलं की डबे, पाणी, याद्या, निरोप सगळं एकीच्याच गळ्यात पडतं. पहिल्याच बैठकीत वाटून घ्या: निरोप एकीकडे, हातमोजे-कात्र्या दुसरीकडे, येण्याजाण्याची सोय तिसरीकडे, आणि दरवर्षी बदलायचं. खाण्याचं काम मुलांच्या बाबांना द्या. ‘तुम्ही पण या’ असं मोघम सांगितलं की ते येतात आणि कडेला उभे राहून फोन बघतात. ‘पंचवीस जणांचे पोहे साडेसहाला तयार हवेत’ असं सांगितलं की ते होतं. जिला त्या दिवशी सुट्टी मिळत नाही, तिच्या मुलांना दुसरीनं न्यावं, आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढू नये.

तुमच्या इमारतीत घरकामाला येणाऱ्या मावशींची मुलंही असतीलच. त्यांना बोलवा, पण इतर आयांना बोलावता तसंच, त्यांच्या आईला विचारून. पोती उचलायला म्हणून नव्हे. तीही हारांपाशी बसतील, तीही पुढे उभी राहतील, आणि तेच पोहे खातील.

गणपती संपले की काम संपू देऊ नका, पण फार वाढवूही नका. महिन्यातून एक रविवार सकाळ पुरे. दोन गोष्टी सुचवते. एक म्हणजे लाल ठिपका. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या ताईंना ते उघडून बघावं लागत नाही. 2017 मध्ये पुण्यात त्यांनीच ही मोहीम सुरू केली. मुलांना जुन्या पेपरच्या पिशव्या करू देत आणि घरोघर वाटू देत. मुलगे विचारतील हे कशासाठी. सरळ उत्तर दे. तुझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला कळायचं वय झालं आहे.

दुसरं पुढच्या गणपतीसाठी. ज्यांच्या घरी प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती आहे, त्यांना घरच्या बादलीतच विसर्जन करता येतं. पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट, म्हणजे बेकरीत वापरतात ती पावडर, घालायची. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं ही पद्धत काढली आहे. मूर्ती काही दिवसांत विरघळते; तळाशी खडूसारखी चुनखडी उरते आणि वरचं पाणी पातळ करून झाडांना घालता येतं, कारण त्यात अमोनियम सल्फेट असतं. वास उग्र येतो, म्हणून बादली गॅलरीत ठेवायची आणि मुलांना वाकून बघू द्यायचं नाही. रोज काठीनं ढवळायचं काम एका मोठ्या मुलाकडे दे आणि त्याला वहीत नोंद करायला सांग. शाडूची मूर्ती आणणं केव्हाही चांगलं, पण शेजारच्यांनी आधीच मूर्ती आणली असेल तर त्यांना टोमणे मारण्यापेक्षा ही बादली उपयोगी.

यंदा गणपतीला अजून दोन महिने आहेत. उद्या सकाळी ताई आल्या की दारातच घाईघाईत विचारू नकोस. त्यांची फेरी झाल्यावर खाली बसून बोल, चहा घे त्यांच्याबरोबर. कोणता हौद आणि कोणती वेळ त्या सांगतात, ते मला कळव. लहान हातमोजे बोहरी आळीत घाऊक भावानं मिळतात का, ते मी चौकशी करून ठेवते. मुलांच्या हातांची मापं मात्र तू पाठव.

तुझी,
मावशी