अंगणातले स्वस्तातले सोलर दिवे वर्षभरात मंद पडले. संध्याकाळी लागतात आणि तासाभरात विझतात. टाकून द्यावेत का? नवे लावताना काय काळजी घ्यावी?

टाकून देऊ नका. संध्याकाळी लागतात आणि तासाभरात विझतात असं तुम्ही लिहिलंय, ते लक्षण बहुतेक वेळा सेल संपल्याचं असतं. एलईडी इतक्या लवकर जात नाही. आतला छोटा रिचार्जेबल सेल मात्र रोज भरून रिकामा होत असल्यामुळे वर्ष-दोन वर्षांत थकतो, आणि तो बदलता येतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

मातीत रोवायच्या दिव्याची टोपी फिरवून काढा आणि खालचे स्क्रू सोडवा. आत सहसा पेन्सिल सेलच्या आकाराचा १.२ व्होल्टचा निकेल मेटल हायड्राइड सेल असतो. नवा घेताना आकार आणि व्होल्टेज तेच हवं. रिमोटमधला साधा सेल यात अजिबात घालू नका. तो चार्ज करण्यासाठी बनवलेलाच नसतो, त्यामुळे दिवसभर पॅनेलचा करंट खाऊन गळतो आणि दिवा खराब करतो. काही दिव्यांत अगदी याच आकाराचा ३.२ व्होल्टचा लिथियम सेल असतो. दोन्ही दिसायला सारखे, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. म्हणून जुन्या सेलवर छापलेलं वाचूनच नवा आणा.

मूळ सेल बहुधा ३०० ते ६०० एमएएचचा असतो (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप), म्हणून काही जण २००० चा घालतात. एवढ्याशा पॅनेलमधून चांगल्या उन्हातही दिवसाला दोन-तीनशेच्या आसपासच भर पडते. नळाची धार तीच असताना टाकी मोठी बसवून उपयोग नाही.

खरेदीआधी एक सोपी चाचणी करा. चांगल्या चालणाऱ्या दिव्यातला सेल मंद दिव्यात घाला आणि पॅनेल हाताने पूर्ण झाका. लख्ख लागला, तर दोष जुन्या सेलचा. तरीही लागला नाही, तर सेल बसतो त्या पत्र्याच्या पट्ट्या बघा. त्यांवर पांढरा-हिरवा थर साचला असेल, तर कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर लावून पुसा, वाळू द्या आणि पॉलिश पेपरने हलकेच घासा.

आता जागेबद्दल. लोक आधी उजेड कुठे हवा ते ठरवतात, पण या दिव्यांची जागा उन्हावरून ठरवावी लागते. सकाळ, दुपार आणि तिसरा प्रहर अशा तीन वेळी तिथे सावली पडते का ते बघा. पॅनेलमधल्या पट्ट्या एकामागे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे एका पट्टीवर फांदीची सावली आली तरी सगळ्या पॅनेलची वीज घटते. विषुववृत्ताच्या उत्तरेला राहत असाल, तर कलतं पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून लावा. उजेड सावलीतल्या कोपऱ्यातच हवा असेल, तर ज्याचं पॅनेल वेगळं आणि लांब वायरवर असतं असा दिवा घ्या.

छोट्या दिव्यांत अंधार ओळखायला बहुधा वेगळा सेन्सर नसतो, पॅनेलच ते काम करतं. म्हणून रस्त्यावरच्या किंवा दारावरच्या दिव्याचा प्रकाश त्यावर पडला की दिवा लागतच नाही. दोन सोलर दिवे एकमेकांवर उजेड टाकत असतील, तर लुकलुकतही बसतात. बिघाड समजून दिवा परत करण्याआधी जागा थोडी बदलून बघा.

रोवताना दिव्याच्या डोक्यावर ठोकू नका, प्लास्टिकची खुंटी तडकते. आधी सळईने भोक पाडा आणि मग दिवा दाबून बसवा. सेलखालची प्लास्टिकची पट्टी काढा आणि स्विच चालू ठेवा. अनेक स्वस्त दिव्यांत स्विच बंद असला की चार्जिंगही बंद. मोशन सेन्सरचा भिंतीवरचा दिवा दोन ते अडीच मीटर उंचीवर, येणारा माणूस समोरून न येता आडवा जाईल असा लावा. समोरून सरळ चालत येणारा माणूस या सेन्सरला उशिरा कळतो.

निगा फारशी नाही. ओल्या मऊ फडक्याने पॅनेल अधूनमधून पुसा, धूळ असेल तिथे जास्त वेळा. पाणी आत जात असेल, तर पॅनेलच्या कडेने सिलिकॉन सीलंट भरा, पण तळाचं भोक बुजवू नका, दमट हवेचं साचलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. स्वस्त पॅनेलवरचा पारदर्शक थर उन्हाने दुधी होतो. टूथपेस्टने घासून, धुऊन आणि वाळवून त्यावर पारदर्शक वार्निशचा पातळ हात दिला की बराच फरक पडतो. थराखालच्या पट्ट्याच काळवंडल्या असतील, तर मात्र ते पॅनेल गेलं.

सेल नवा, सेल बसतो त्या पट्ट्या स्वच्छ आणि तरीही दिवा बंद, तर पॅनेलपासून सर्किटकडे जाणाऱ्या दोन बारीक वायरी हलकेच ओढून बघा. त्यातली एखादी टोकाशी सुटलेली असते, आणि सोल्डरच्या एका टाक्यात काम होतं. काढलेले सेल कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.