डिस्पॅचचं (रवाना मालाचं) नको, टूल रूमचं रजिस्टर बघ

तुझा प्रश्न वाचला. भोसरीत प्रेस शॉप (पत्रा दाबून पार्ट करायचा कारखाना), बाइकच्या सायलेन्सरचे आणि टाकीचे पार्ट करता, मालक म्हणतात ऑर्डर फुल आहेत, ईव्हीचं दहा वर्षांनी बघू, आणि तुला मात्र झोप लागत नाही. मी याच धंद्यात ३१ वर्षं काढलीत म्हणून जरा लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बस.

ऑर्डर फुल आहेत हाच तर घोळ आहे रे. बजाजच्या चेतक स्कूटरचंच बघ ना. १९७२ ला आली, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, ज्याचा नंबर लागायचा तो वर पैसे घेऊन दुसऱ्याला द्यायचा, अशी तिची पत. १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली, फोर स्ट्रोक, पेट्रोलात ऑइल मिसळायची भानगड नाही आणि लिटरला ८० च्या जाहिराती. त्याने आकुर्डीत, बजाजच्या प्लांटात, लगेच कुणाचं काय बिघडलं? काहीच नाही. पुढची दहा वर्षंसुद्धा नाही, उलट १९९५-९६ ला बजाजने वर्षाला १० लाख गाड्यांचा टप्पा गाठला. आता ज्या वर्षी एवढा आकडा होतो त्या वर्षी मीटिंगमध्ये उभं राहून गडबड आहे म्हणायची कुणाची छाती होणार?

गडबड होती पण ती आकड्यात दिसत नव्हती, गिऱ्हाइकात होती. आमच्या काकांनी ८६ ला नंबर लागल्यावर चेतक घेतली, रोज सकाळी ती आडवी करायचे, मग किका मारायचे आणि त्याचा त्यांना अभिमानच होता. त्यांच्याच पोराने ९५ ला नोकरी लागल्यावर बाइक घेतली, स्कूटर बघायलाही गेला नाही. गावाकडे तर विषयच नव्हता, १० इंची चाकं खड्ड्यात जायची, बाइकची १८ इंची चाकं निघून जायची, दूधवाल्याला दोन्हीकडे कॅन लटकवता यायचे. नव्वदीच्या शेवटाला देशात स्कूटरपेक्षा बाइक जास्त खपायला लागल्या आणि २००१ च्या आसपास हिरो होंडा एक नंबरला जाऊन बसली.

बजाज झोपली होती असं मी म्हणणार नाही हां, कावासाकीबरोबर त्यांनी ऐंशीच्या दशकातच बाइक काढल्या होत्या, फक्त जीव स्कूटरमध्ये अडकलेला होता असं आपलं माझं मत. २००१ ला पल्सर आली आणि गाडी रुळावर आली. पण मोठ्या कंपनीकडे उशिरा जागं व्हायला पैसा असतो, चाकणला नवीन प्लांट टाकता येतो. आपल्यासारख्या शेडवाल्यांचं काय?

तेव्हा मी ज्या शॉपमध्ये होतो (नाव नको) तिथे आम्ही स्कूटरचे ब्रॅकेट, क्लॅम्प असले छोटे पार्ट करायचो. ९६-९७ ला तीन शिफ्ट चालायच्या, दिवाळीला बोनस पण चांगला. टूल रूमला, म्हणजे पत्रा कापायचे-दाबायचे साचे (डाय) बनतात तिथे, एक म्हातारे मिस्त्री होते, ते एकदा मला म्हणाले, "साहेब, दोन वर्षं झाली, मी नुसत्या जुन्या डायांना धार लावतोय, नवीन डाय एक पण नाही आली." मी हसलो. खरंच हसलो, म्हटलं बरंय की, डायचा खर्च वाचतोय. नवीन डाय नाही म्हणजे नवीन ड्रॉइंग नाही, म्हणजे पुढच्या मॉडेलमध्ये आपला एकही पार्ट नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. मग शेड्यूल (कंपनीची महिन्याची मागणी) दर महिन्याला थोडं थोडं खाली यायला लागलं, मालक कधी पावसाळा म्हणायचे कधी पितृपक्ष, आणि २००२ ला शेड भाड्याने गेली.

आणि असं एकदाच होतं असंही नाही. बजाजने २००९ ला स्कूटर बंद करायचं ठरवलं, आणि तिकडे ॲक्टिव्हाने विनागिअरची स्कूटर घरोघरी पोचवलेली. बाइकची लाट ज्यांना उशिरा दिसली त्यांना स्कूटर परत येतेय ते पण उशिराच दिसलं, काय बोलणार.

आता तुझ्याकडे येतो. ईव्ही आली म्हणजे प्रेस शॉप मेलं असं नाही. आकुर्डीतच २०२२ ला इलेक्ट्रिक चेतकचा प्लांट सुरू झाला आणि त्या गाडीची बॉडी पत्र्याची आहे. पत्रा राहणारे, सायलेन्सर आणि टाकी जाणारे. म्हणून आधी तुमच्या पार्टची यादी काढ आणि इंजिन गेलं तर कुठला पार्ट जातो त्याच्यापुढे फुली मार. फुल्या किती टक्के धंद्यावर पडतात ते बघ, बॅटरीच्या पेट्या, मोटरचे ब्रॅकेट यांचे कोटेशन पाठवायला आत्ता सुरुवात कर, कारण नवीन गिऱ्हाइकाचं ऑडिट, सॅम्पल, अप्रूव्हल यात वर्ष दीड वर्ष सहज जातं आणि तेवढे दिवस पगार जुन्या पार्टवरच निघणारेत. ऑर्डर फुल आहेत तोवरच हे परवडतं, नंतर बँक पण दारात उभं करत नाही.

मालकांशी बोलताना ईव्ही हा शब्दच काढू नकोस, चिडतात. गेल्या तीन वर्षांत नवीन डाय किती बनल्या आणि त्यातल्या इंजिनशी संबंध नसलेल्या किती, एवढं टूल रूमच्या रजिस्टरमधून काढ आणि कागद टेबलावर ठेवून गप्प बस. आकडा मिळाला की इथे टाक, मग कोटेशनचं बघू.