सहावी ते आठवीच्या मराठीला रंगीत प्रिंट कुठे लावायची आणि कुठे वाचवायची

ताई, तुमचा प्रश्न असा की शाळेत रंगीत प्रिंटर आलाय, हेडसर म्हणतात मराठीचं काहीतरी छान साहित्य करा, वर्गात बेचाळीस मुलं आहेत, आणि शाई संपली की पुढची कधी मिळेल याचा भरवसा नाही. शिवाय मुलं रंगीत कार्ड बघून नुसती खूश होतात की खरंच काही शिकतात, ही शंका. मी नाशिकमध्ये बावीस वर्षं मराठी शिकवते, आणि त्यातली पहिली काही वर्षं नुसती खूश करण्यातच गेली. म्हणून जरा लांब लिहिते.

सुरुवातीला मी काय करायचे सांगते. पावसाची कविता, तर पानभर हिरवा डोंगर, कोपऱ्यात मोर, अक्षरं जांभळी. एकदा कविता वाचून झाल्यावर म्हटलं, तुमच्या मनात काय आलं ते पाच ओळींत लिहा. अख्ख्या वर्गाने मोर लिहिला. कवितेत मोर नव्हताच, तो मी टाकला होता! तेव्हापासून कवितेला चित्र छापत नाही. कविता काळ्या अक्षरात, भरपूर समास सोडून, आणि त्या समासात मुलांनी काय काढायचं ते काढावं. पुस्तकातलं पानही रंगीत छापू नका. बालभारतीचं रंगीत पुस्तक मुलांच्या दप्तरात आहेच.

रंगाचा खरा उपयोग मला व्याकरणात सापडला, तोही प्रयोग शिकवताना. कर्तरी, कर्मणी, भावे यांच्या व्याख्या मुलं घडाघडा म्हणतात आणि वाक्य दिलं की गडबडतात. आता मी शब्दपट्ट्या करते. पुल्लिंगी शब्दाची पट्टी निळी, स्त्रीलिंगी नारिंगी, नपुंसकलिंगी करडी. क्रियापदाला स्वतःचा रंग नाही. ते ज्याच्यामागे जाईल त्याचा रंग घेतं, म्हणून ‘खातो’ निळ्या पट्टीवर, ‘खाते’ नारिंगीवर, आणि ‘खाल्ला’, ‘खाल्ली’ तशाच.

फळ्यावर लावायचं ‘मुलगी आंबा खाते’. नारिंगी, निळी, नारिंगी. मुलीच्या जागी मुलगा ठेवला की शेवटची पट्टी बदलावी लागते, ‘खातो’, निळी. मग ‘मुलगी’ची पट्टी काढून ‘मुलीने’ लावायची. आता ‘मुलीने आंबा खाते’ कानाला खटकतं, मुलं स्वतःच ओरडतात ‘खाल्ला’. म्हणजे नारिंगी, निळी, निळी. इथे थांबायचं, काही बोलायचं नाही. ‘ने’ आला आणि क्रियापदाने घर बदललं, हे त्यांना डोळ्यांनी दिसतं. आंबा काढून पोळी ठेवली की ‘खाल्ली’, पुन्हा नारिंगी. शेवटी ‘मुलीने चोराला पकडले’. ‘पकडले’ची पट्टी करडी. मुलगी नारिंगी, चोर निळा, आणि क्रियापद दोघांकडेही जात नाही. मागे एक मुलगा म्हणाला, ‘बाई, हे कुणाचंच ऐकत नाही.’ भावे प्रयोगाची याहून चांगली व्याख्या मी अजून ऐकलेली नाही.

यात माझी एक मोठी चूक झाली होती. पहिल्या वर्षी पट्ट्या लाल आणि हिरव्या होत्या. एक मुलगा दर वेळी चुकायचा, हुशार होता तरी. मला वाटलं लक्ष नाही, दोनदा बोललेही त्याला. शेवटी तोच म्हणाला, ‘दोन्ही सारख्याच दिसतात.’ लाल-हिरव्यातला फरक न कळणं मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा पुष्कळ जास्त आढळतं, आणि कित्येकदा घरच्यांनाही माहीत नसतं. म्हणून निळा-नारिंगी, आणि रंगाबरोबर रेघही: पुल्लिंगीला खाली एक सरळ रेघ, स्त्रीलिंगीला नागमोडी, नपुंसकलिंगीला तुटक. रेघेचा दुसरा फायदा पुढच्या वर्षी कळला. झेरॉक्स मारली की रंग जातो, रेघ राहते.

छापण्याबद्दल. अक्षरं काळीच ठेवा, रंग मागे किंवा खाली द्या. फिक्या रंगातल्या अक्षरांचे अनुस्वार आणि रफार आधी नाहीसे होतात, आणि मिश्र रंगात शाया एकमेकींवर नेमक्या बसल्या नाहीत तर अक्षराला सावली पडल्यासारखी दिसते. पिवळं अक्षर तर शेवटच्या बाकावरून दिसतच नाही. २७ फेब्रुवारीला दरवर्षी शाळाशाळांतून कुसुमाग्रजांच्या फोटोखाली इंद्रधनुष्यी अक्षरातल्या ओळी लागतात. त्यांच्याच गावात त्यांची ओळ वाचता येऊ नये, हे जरा बरं वाटत नाही.

ऱ्हस्व-दीर्घ शिकवताना मोह होतो की फक्त उकार रंगवावा: ‘फूल’चा दीर्घ, ‘फुलाला’ म्हटलं की ऱ्हस्व. कॉम्प्युटरवर एकट्या उकाराला रंग द्यायला गेलात तर बरेचदा तो अक्षरापासून सुटतो आणि शेजारी ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. माझ्या दोन रविवारांची वाट लागली त्यात. शब्द काळा छापा आणि उकार मुलांना स्केचपेनने रंगवायला द्या. रंगवताना तो उकार कुठल्या बाजूला वळतो हे त्यांचा हात शिकतो. बाहेर छापायला देणार असाल तर पीडीएफ करूनच न्या, नाहीतर दुकानदाराकडे आपला फॉन्ट नसतो आणि जोडाक्षरं फुटून येतात.

खर्चाचं म्हणाल तर बेचाळीस रंगीत प्रती काढूच नका. मी पाच-सहा जणांचा गट करते, म्हणजे आठ संच. मी ज्या दुकानात जाते तिथे रंगीत पानाला दहा रुपये, लॅमिनेशनला वीस, काळ्याला दोन. आठ रंगीत पानं लॅमिनेशनसकट दोनशे चाळीस, शिवाय प्रत्येकाला एक काळं पान, चौऱ्याऐंशी. पुढच्या वर्षी फक्त चौऱ्याऐंशी. शाळेच्या प्रिंटरवर छापाल तर जूनच्या आधी उरका. नोटांचा छापखाना असलेल्या गावात राहतो आपण, पण आमच्या शाळेचा प्रिंटर जुलै लागला की सर्दाळलेला कागद गिळतो. इंकजेट असेल तर मुलांना त्यावर हायलायटर फिरवू देऊ नका, शाई पसरते. आणि लॅमिनेशन चकचकीत घेतलंत तर ट्यूबलाइटखाली निम्म्या मुलांना फक्त उजेड दिसतो.

रंगीत पट्ट्या पहिला आठवडाच. दुसऱ्या आठवड्यात नुसत्या रेघा, तिसऱ्यात साधं काळं वाक्य. परीक्षेचा पेपर काळाच असतो ना.

आता फुकटचं रंगीत साहित्य, जे मला सगळ्यात आवडतं. पेपरातून पडणारी हँडबिलं, द्राक्षांच्या पेट्यांची झाकणं आणि लग्नपत्रिका. आपल्याकडे द्राक्षाच्या पेटीला तोटा नाही. तिच्यावरचा मजकूर वाचून मुलं जाहिरात लिहायला लागतात: कोणता शब्द सगळ्यात मोठा, कोणत्याला लाल, आणि पत्ता इतका बारीक का. पण निमंत्रण लिहायला शिकवताना लग्नपत्रिकेला तोड नाही. ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ यांचा अर्थ वर्गात दोघातिघांनाच माहीत असतो. ‘चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी’ फळ्यावर पूर्ण लिहिलं की एखादी मुलगी विचारतेच, मुलाला नुसतं चिरंजीव का. होऊ द्या चर्चा, तास त्यातच सत्कारणी लागतो. मग चुका शोधायच्या. सोनेरी अक्षरात, महागड्या कागदावर ‘आर्शिवाद’ छापलेली पत्रिका हमखास निघते. रफार ‘श’वर नाही, ‘वा’वर हवा आणि ‘शी’ दीर्घ, म्हणजे ‘आशीर्वाद’. छापलेलं ते बरोबरच, हा समज एकदा असा मोडला की मुलं मग माझ्याही कार्डातल्या चुका काढतात. गेल्या वर्षी दोन निघाल्या. फक्त पत्रिकेवरची नावं आणि फोन नंबर आधी पांढऱ्या पट्टीने झाका, आणि वर्गातल्या कुणाच्या घरची पत्रिका घेऊ नका.

तुम्ही प्रयोगाच्या पट्ट्यांनी सुरुवात करा, एकच संच छापून एका गटावर आधी बघा. पत्रिकांच्या माझ्याकडे दोन पिशव्या भरून पडल्यात. हव्या असतील तर निरोप करा, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर नेता येतील.